बागेतल्या ओकवर टीपीओ आहे, फांद्या छाटता येतील का?

रीडिंगची_रश्मी
मंडळी, मार्चमध्ये इथे इंग्लंडमध्ये रीडिंगला घर घेतलं, मागे कुंपणाला लागून एक अवाढव्य ओक आहे. घर बघायला आलो तेव्हा झाडावर पान नव्हतं त्यामुळे काही जाणवलं नाही, आता भर दुपारी स्वयंपाकघरात दिवा लावावा लागतो आणि जुन्या फ्लॅटमध्ये झकास वाढलेला माझा कढीपत्ता पार काडी झालाय. नवरा म्हणाला आपलं झाड, बोलावू कुणालातरी. फेसबुकवरून एक जण आला, म्हणे तीस टक्क्यांपर्यंत छाटायला परमिशन लागत नाही, कॅश द्या, शनिवारी उरकतो. शेजारचे आजोबा पडद्याआडून बघतच होते. मग सहज खरेदीचे कागद काढले तर सॉलिसिटरच्या सर्चमध्ये (वकिलाने घर घेण्याआधी केलेल्या तपासणीत) टीपीओ असं लिहिलेलं, तेव्हा वाचलंच नव्हतं (कोण वाचतं!). आता काय करू?

मिल्टन_कीन्सचा_मावळा
आधी त्या शनिवारवाल्याला नाही म्हणून कळवा. टीपीओ म्हणजे ट्री प्रिझर्व्हेशन ऑर्डर, झाड जपण्याचा आदेश, 1990 च्या टाउन अँड कंट्री प्लॅनिंग कायद्याखाली लोकल प्लॅनिंग अथॉरिटी, म्हणजे बहुतेक ठिकाणी आपली कौन्सिलच (इथली नगरपालिका), काढते. झाड तुमचं, पडलं तर निस्तरायचं तुम्हीच, पण लेखी परवानगीशिवाय तोडणं, शेंडा उडवणं, फांद्या छाटणं, अगदी मुळं कापणंही गुन्हा आहे. तीस टक्के वगैरे काही नसतं. झाड मेलं किंवा मरेल असं काही केलं तर इंग्लंडमध्ये दंडाला वरची मर्यादाच नाही आणि झाड गेल्यामुळे तुमचा किती फायदा झाला हेही कोर्ट बघतं. त्याहून कमी असेल तर 2,500 पौंडांपर्यंत. करणारा आणि करवून घेणारा दोघंही अडकतात.

अर्जाला फी नाही हो! प्लॅनिंग पोर्टल या वेबसाइटवर फॉर्म भरा, 8 आठवड्यांत उत्तर यायला हवं, परवानगी साधारण 2 वर्षं चालते, नकार आला तर 28 दिवसांत अपील.

हॅरोच्या_काकू
रश्मी, फॉर्ममध्ये काय लिहितेस त्यावर सगळं आहे. मी पहिल्यांदा मनातलं सगळं ओतलं, उजेड नाही, पानांनी पन्हळ तुंबते, कबुतरं वाळत घातलेल्या कपड्यांवर घाण करतात... सरळ नकार. बरोबरच आहे म्हणा, झाड आहे तर पानं पडणारच. दुसऱ्यांदा चांगला ट्री सर्जन (झाडं छाटणारा जाणकार) बोलावला, त्याने फोटोवर लाल बाणांनी दाखवलं की घराकडच्या अमुक फांद्या 2 मीटरने मागे घ्यायच्या आणि खालच्या बारीक फांद्या जमिनीपासून 4 मीटरपर्यंत काढायच्या. ते मंजूर झालं. नुसतं 'झाड लहान करा' लिहिलंस तर अर्ज परत येईल. वाळलेल्या फांद्या काढायला परवानगी लागत नाही, पण आधी फोटो काढून ठेव. आणि मार्च ते ऑगस्ट पक्ष्यांची घरटी असतात, चालू घरटं मोडलं तर तो वेगळाच गुन्हा.

सातारी_तडका
मेलेल्या झाडाला परवानगी लागत नाही ना? मग झाड 'आजारी' पडायला कितीसा वेळ लागतो 😄

मिल्टन_कीन्सचा_मावळा
भाऊ, असले सल्ले चारचौघांत नका देऊ. मेलेलं झाड काढायच्या आधीसुद्धा कौन्सिलला 5 कामाचे दिवस आधी कळवावं लागतं, त्यांचा माणूस बघून जाऊ शकतो, आणि बहुतेक वेळा त्या जागी नवीन झाड लावणं तुमच्याच गळ्यात पडतं. तसंही तिकडे आपल्याकडे महाराष्ट्रात 1975 पासून शहरांत वृक्ष प्राधिकरण आहेच की. 2021 च्या दुरुस्तीनंतर तर 50 वर्षांवरचं झाड हेरिटेज.

सातारी_तडका
आहे ना, वडील नारळाच्या झाडासाठी नगरपालिकेत हेलपाटे घालून थकले, शेवटी वादळानेच परवानगी दिली.

रीडिंगची_रश्मी
सगळ्यांचे आभार, शनिवारवाला कटाप. कौन्सिलच्या साइटवर नकाशा सापडला, आमचं झाड टी2, म्हणजे एकट्याचं संरक्षण, बाकी गटांना जी1 वगैरे दिलंय. पण तो छोटा काळा गोल चक्क शेजाऱ्यांच्या बाजूला दिसतोय! म्हणजे झाड आजोबांचं?? मग आमच्याकडे लोंबणाऱ्या फांद्या तरी कापता येतील ना?

हॅरोच्या_काकू
एरवी आपल्या हद्दीपर्यंतच्या कापता येतात, टीपीओ असेल तर त्यालाही परवानगी. अर्ज मात्र कुणीही करू शकतं, मालकच असायला हवा असं नाही. आणि त्या गोलावर जाऊ नकोस, बुंधा जमिनीतून कुठे वर येतो ते बघ.

रीडिंगची_रश्मी
आत्ता टॉर्च घेऊन बघून आले. कुंपणाच्या फळ्या बुंध्याला वळसा घालून आमच्या बाजूने गेल्यात. म्हणजे आजोबांचंच. आणि त्यांच्यादेखत आम्ही माणूस बोलावून फांद्या मोजत होतो. उद्या चिवडा घेऊन जाते.