अनुभव धागा : दोन-तीन वर्षांच्या मुलासोबत गृहशिक्षणाची सुरुवात

शाळेच्या वयाच्या मुलांच्या गृहशिक्षणाविषयी पुष्कळ बोलले जाते. परंतु दोन-तीन वर्षांचे मूल पायांत घुटमळत असताना, घरकाम, नोकरी, पाहुणे आणि आजारपणे सांभाळून त्याची सुरुवात कशी होते, हे ज्यांनी ती केली आहे त्यांच्याकडूनच कळू शकते. म्हणून अशा काही पालकांना आणि आजी-आजोबांना लिहिण्याचे निमंत्रण दिले. विनंती एवढीच होती की, आपल्या घरात प्रत्यक्ष काय घडते ते लिहावे.

मुलगा अडीच वर्षांचा, धाकटी अजून तान्ही

आमच्या घरात घड्याळाबरहुकूम काहीही होऊ शकत नाही, कारण धाकटीची भूक आणि झोप दोन्ही तिच्या मर्जीप्रमाणे चालतात. त्यामुळे आम्ही वेळा ठरवल्या नाहीत, क्रम ठरवला : उठल्यावर अंथरुणे आवरायची, मग अंघोळ, मग बाहेर एक फेरी, मग पुस्तक आणि त्यानंतर झोप. वेळ कितीही पुढे-मागे झाली तरी यानंतर काय होणार हे मुलाला ठाऊक असते आणि एका कामातून दुसऱ्या कामाकडे जातानाची रडारड त्यामुळे बरीच कमी होते.

शिकणे कोठे चालते, ते वाळलेल्या कपड्यांच्या ढिगाशी बसल्यावर दिसते. मी सगळे मोजे त्याच्यापुढे ठेवते. तो एक निळा मोजा उचलतो, दुसरा निळा शोधून त्यावर ठेवतो आणि थबकतो, कारण रंग तोच असला तरी एक बाबांचा असतो आणि एक त्याचा. मग तो दोन्ही मोजे जमिनीवर पसरतो, टाचेला टाच लावून पाहतो आणि ‘हा मोठ्ठा’ म्हणत बाबांचा मोजा बाजूला सारतो. रंग, मापे, जोडी आणि तुलना हे सारे त्यात आपसूक येते. अशा वेळी ‘हा कोणता रंग, सांग पाहू’ असे मी विचारत नाही. परीक्षा सुरू झाली की त्याचे लक्ष मोज्यांवरून उडते आणि तो उत्तरासाठी माझ्या चेहऱ्याकडे पाहू लागतो. त्याऐवजी ‘तुला बाबांचा मोजा सापडला, हा तुझ्या मोज्यापेक्षा लांब आहे’ असे मी सहज बोलत राहते. तेच शब्द काही दिवसांनी त्याच्या तोंडून ऐकू येतात. मी एकटीने घड्या घातल्या तर त्या निम्म्या वेळात आटोपतील हे खरे आहे. पण कपडे रोजच आवरायचे असतात, शिकवण्यासाठी निराळा वेळ काढावा लागत नाही, ही माझ्या दृष्टीने मोठी सोय आहे.

घरून नोकरी करणारा बाबा, मुलगी तीन वर्षांची

इटलीच्या शिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसरी यांनी १९०७ मध्ये रोम येथे पहिले बालगृह, म्हणजे लहान मुलांची शाळा, सुरू केले आणि ओतणे, पुसणे, झाडणे, बटणे लावणे या रोजच्या कामांना लहान मुलांच्या शिक्षणात मानाचे स्थान दिले. आम्ही ती दृष्टी घेतली, महागडी साधने घेतली नाहीत. मुलीच्या हाताला पेलेल असा छोटा तांब्या, एक पारदर्शक पेला आणि पुसायला एक फडके इतकेच सामान आहे. पेल्यावर मी बाहेरून रंगीत चिकटपट्टीची एक रेघ लावली आहे. रेघेपर्यंत पाणी आले की थांबायचे, हे तिला एकदाच करून दाखवले. रेघ जवळ आली की ती श्वास रोखते, मनगट वळवते आणि धार बारीक करते. पाणी सांडले तर ते पुसणे हा त्याच कामाचा भाग असल्यामुळे रागावण्याचा प्रश्नच येत नाही.

दोन गोष्टींत मात्र आम्ही कधीही ढिलाई करत नाही. पाण्याचे काम मोठ्या माणसाच्या देखतच होते, कारण इतक्या लहान मुलाला काही सेंटिमीटर पाणीही धोक्याचे ठरू शकते. दुसरे असे की, साधारण ३२ मिलिमीटर रुंदीच्या नळीत मावेल अशी कोणतीही वस्तू तीन वर्षांखालील मुलाच्या हाती देऊ नये, कारण ती घशात अडकू शकते. आमच्याकडे शेजारचे लहान मूलही खेळायला येते, म्हणून मणी आणि खडे अजून वरच्या फळीवरच आहेत.

आजी, नातू दोन वर्षांचा

मुलगा आणि सून कामात असताना पुस्तकाची वेळ माझ्याकडे असते. नातवाला सध्या एकच पुस्तक हवे असते, आणि ते संपले की ‘पुना’ म्हणून तो पहिले पान उघडतो. थोरांना याचा कंटाळा येतो, पण त्याच गोष्टीच्या पुनरावृत्तीतून लहान मुलांचे शब्द पक्के होतात, म्हणून मी दुसऱ्या पुस्तकाचा आग्रह धरत नाही. हल्ली मी वाक्याच्या शेवटी मुद्दाम थांबते आणि उरलेला शब्द तो मोठ्याने पुरा करतो. ‘याला शाळेत कधी घालणार?’ असे नातेवाईक विचारतात, तेव्हा मी वाद घालत नाही. त्यांना आमच्याजवळ बसवून घेते आणि पुस्तक त्यांच्या हाती देते.

दोन मुलांची आई : थोरली आठ वर्षांची, धाकटा सव्वादोनचा

थोरलीही घरीच शिकते. तिचे गणित आणि लेखन आम्ही धाकट्याच्या दुपारच्या झोपेत उरकतो, आणि तो झोपला नाही तर खेळण्यांची एक टोपली बाहेर निघते, जी एरवी कपाटात बंद असते. नावीन्य टिकल्यामुळे ती टोपली थोरलीच्या एखाद्या धड्यापुरता वेळ मिळवून देते. त्याहून अधिक अपेक्षा या वयाच्या मुलाकडून करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

‘इतर मुलांत मिसळणार कसा?’ या प्रश्नाविषयीही लिहायला हवे. मिल्ड्रेड पार्टेन या संशोधिकेने १९३२ मध्ये मुलांच्या खेळाचे जे प्रकार नोंदवले, त्यांत शेजारी शेजारी बसून आपापले खेळणे हा एक आहे, आणि दोन वर्षांच्या आसपास मुले बहुधा असेच खेळतात. आम्ही नेमाने मैदानात जातो. तो दुसऱ्या मुलाच्या बाजूला वाळू भरत बसतो, त्याची नक्कल करतो. मला ते पुरेसे वाटते.

बालविकासाचे शिक्षण घेतलेली आई, मुलगा पावणेतीनचा

अक्षरे गिरवून घेण्याची घाई मला मनापासून नको वाटते. या वयात मूल खडू बहुधा मुठीत धरते. तीन बोटांची पकड पुढे हळूहळू येते आणि त्यासाठी हातात बळ यावे लागते. म्हणून आमच्याकडे कागद फाडणे, माती मळणे, चिमटे लावणे आणि भरपूर रेघोट्या ओढणे चालते. टीव्ही-मोबाइलच्या पडद्याबाबत जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचना आम्ही आधार मानल्या आहेत : दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला फार तर एक तास, आणि तोही कमी असेल तितके चांगले. त्याच सूचनांमध्ये दिवसभरात मिळून निदान तीन तास शारीरिक हालचाल असावी असे सांगितले आहे. ती भरून निघाली की मूल पडदा मागतही नाही, असे निदान माझ्या मुलाच्या बाबतीत दिसते.

ज्यांनी मध्येच मार्ग बदलला, असे आई-बाबा

घरातील एका दीर्घ आजारपणामुळे आम्ही मुलीला सकाळपुरते बालवाडीत घातले. तिथल्या ताई प्रेमळ आहेत आणि मुलगी आनंदाने जाते. घरी परतल्यावर झाडांना पाणी घालणे, भांडी पुसून जागेवर ठेवणे आणि रात्रीचे पुस्तक हे पूर्वीसारखेच चालू आहे. पुढच्या वर्षी घरातले आजारपण आटोक्यात आले, तर पुन्हा पूर्णवेळ घरी शिकवायचे की नाही हे आम्ही तेव्हा ठरवू.