आधार नुसता मांडणीसारखा नसतो

रासायनिक क्रिया वेगानं घडवणाऱ्या उत्प्रेरकात धातूचे बारीक कण ऑक्साईडच्या आधारावर बसवतात. हा ऑक्साईड म्हणजे धातूचे कण वेगवेगळे ठेवायची नुसती मांडणी, असं काही जण म्हणतात ते मला अजिबात पटत नाही. आमच्या नांदेडकडं एमएस्सीची पोरं पण हेच पाठ करून येतात अन मग सीरियावरचं (म्हणजे सीरियमच्या ऑक्साईडवरचं) प्लॅटिनम वेगळं का वागतं हे विचारलं की अडकतात.

बगा, प्लॅटिनम सीरियमच्या ऑक्साईडवर बसवलं की प्लॅटिनमकडून इलेक्ट्रॉन ऑक्साईडकडं जातात, तिथला सीरियम चार-प्लसचा तीन-प्लस होतो आणि कणावर थोडा धन प्रभार येतो. २०१६ मधे हे मोजलं गेलं, छोट्या कणांत साधारण १० प्लॅटिनम अणूंमागं १ इलेक्ट्रॉन, आणि दर अणूमागं सगळ्यात जास्त देवाणघेवाण ३० ते ७० अणूंच्या कणांत. मोठ्या कणात काय होतं की धातूचे बाकीचे इलेक्ट्रॉन तो प्रभार लगेच झाकून टाकतात, म्हणून परिणाम धातू अन ऑक्साईडच्या सांध्याजवळच्या अणूंपुरताच राहतो, वरच्या टोकाला पत्ताही लागत नाही. मला तर हाच भाग सगळ्यात भारी वाटतो!

दिशा पण ठरलेली नसते बरं का. मॅग्नेशियम ऑक्साईडमधे ऑक्सिजनची जागा रिकामी असली तर तिथला इलेक्ट्रॉन उलट सोन्याच्या ८ अणूंच्या पुंजक्याकडं सरकतो, अन मग तो पुंजका कार्बन मोनॉक्साईड जाळायला लागतो.

फक्त १९७८ च्या टायटॅनियावाल्या (म्हणजे टायटॅनियमच्या ऑक्साईडच्या) प्रयोगाचं उदाहरण इथं जपून द्या. ५०० अंशाला हायड्रोजन दिल्यावर धातू वायू धरेना, ते आधी इलेक्ट्रॉनच्या खात्यावर टाकलं होतं, पण नंतर दिसलं की टायटॅनियाचा पातळ थरच धातूवर चढतो. दोन्ही गोष्टी एकाच वेळी होऊ शकतात, म्हणून वेगवेगळ्या तपासाव्या लागतात.