सहकाऱ्यांचाच पाळीप्रमुख झालो आहे. दोषाची बातमी वेळेवर कळावी यासाठी काय करावे?

प्रश्न : चाकणचा पाळीप्रमुख

नमस्कार. चाकण औद्योगिक वसाहतीत वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका मध्यम आकाराच्या कारखान्यात मी काम करतो. डिप्लोमा झाल्यावर सीएनसी (संगणकाने चालणाऱ्या मशिनच्या) विभागात रुजू झालो, काही वर्षे सेटर, म्हणजे मशिन कामासाठी जुळवून देणारा, होतो आणि गेल्या दिवाळीनंतर व्यवस्थापनाने मला त्याच विभागाचा पाळीप्रमुख केले. माझ्या पाळीत अठ्ठावीस माणसे आहेत. त्यांतील जवळपास निम्मी कंत्राटी आहेत, काही आयटीआयमधून आलेले शिकाऊ उमेदवार आहेत, आणि जे कायम आहेत त्यांच्यापैकी दोघातिघांकडून मी स्वतः काम शिकलो आहे.

उत्पादनाचा आकडा ठीक आहे. अडचण अशी आहे की, नगात दोष येऊ लागला तर ते मला सर्वांत शेवटी समजते. मागच्या महिन्यात एका मशिनवर बोअरचे, म्हणजे नगातील गोल छिद्राचे, माप हळूहळू कमी येत होते. इन्सर्ट (धातू कापणारा बदलता तुकडा) झिजला होता, आणि तो बदलण्याऐवजी ऑफसेट देऊन, म्हणजे मशिनमधला हत्याराच्या जागेचा आकडा बदलून, माप पुन्हा पुन्हा ओढून आणले जात होते. मशिनवरच्या ऑपरेटरला ते पाळीच्या सुरुवातीलाच दिसले होते, शेजारच्या मशिनवरच्या माणसालाही ठाऊक होते. मला कळले ते दुसऱ्या पाळीने माल तपासायला घेतल्यावर. तोवर बोअरच्या आतल्या पृष्ठभागावर ओरखडे उमटले होते. साऱ्या पाळीचा माल बाजूला काढून प्रत्येक नग तपासावा लागला आणि डिस्पॅचची गाडी फाटकावर थांबून राहिली. मी ऑपरेटरला कारण विचारले, तेव्हा तो म्हणाला, "साहेब, टार्गेट भरत होतं, म्हणून नाही बोललो."

दुसरी गोष्ट एका ज्येष्ठ ऑपरेटरांची आहे. पूर्वी आम्ही एकत्र डबा खात होतो. आता पाळीच्या सुरुवातीच्या बैठकीत मी कोणताही बदल सांगितला की ते सर्वांसमोर "बघू" एवढेच म्हणतात आणि जुन्याच पद्धतीने काम चालू ठेवतात. माझे वरिष्ठ म्हणतात की, जरा कडक हो, म्हणजे सगळे सरळ होतील. परंतु कडक झाल्याने दोषाची बातमी लवकर येईल की आणखी उशिरा येईल, याविषयी माझ्या मनात शंका आहे. ज्यांनी माणसांकडून काम करवून घेतले आहे, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद : गुणवत्ता विभाग (निवृत्त)

तुमच्या ऑपरेटरने दिलेल्या उत्तरातच दुखणे सापडते, म्हणून ते वाक्य राग बाजूला ठेवून पुन्हा वाचावे, अशी माझी विनंती आहे. "टार्गेट भरत होतं" याचा अर्थ असा की, तुमच्याकडे मशिनशेजारच्या फलकावर तासागणिक नगांचा आकडा लिहिला जात असणार, आणि जो मशिन थांबवतो त्याचा आकडा सर्वांदेखत खाली येत असणार. जो थांबवत नाही त्याचे त्या दिवशी काहीच बिघडत नाही. बिघडते ते पुढच्या पाळीचे, तपासणी विभागाचे किंवा ग्राहकाचे. त्या माणसाने त्याच्यापुरता हिशेब चोख केला आहे. हिशेबाची रीत बदलल्याशिवाय माणसाचे वागणे बदलणार नाही, आणि ती रीत बदलणे हे पाळीप्रमुखाचे पहिले काम आहे.

जपानी संशोधक साकिची टोयोडा यांनी १९२४ मध्ये पूर्णत्वास नेलेला स्वयंचलित माग धागा तुटताच आपोआप थांबत असे. बिघडलेले कापड पुढे विणलेच जात नसल्यामुळे एका विणकराला अनेक मागांवर लक्ष ठेवता येऊ लागले. हाच विचार पुढे टोयोटाच्या मोटार कारखान्यांत आला. तेथे कामगाराला शंका आली की तो दोरी ओढतो, आंदोन नावाचा इशाऱ्याचा दिवा लागतो, गटप्रमुख त्याच्यापाशी येतो, आणि ठरलेल्या टप्प्यापर्यंत अडचण सुटली नाही तर लाइन थांबते. आपल्याकडेही पुष्कळ कारखान्यांनी असे दिवे बसवले आहेत. मात्र दिवा लागल्यावर धावत येणारा माणूस काय बोलतो, याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. तो "कोणी केलं?" असे विचारत आला तर दिवा लावणारे हात लवकरच आखडतात. तो "काय दिसलं, मला दाखव" असे म्हणत आला तर लोक पुन्हा बोलावतात. माझ्या मते व्यवस्थापकाची पारख वाईट बातमी ऐकल्यानंतरच्या त्या पहिल्या मिनिटात होते. बाकीची सारी कौशल्ये शिकता येतात, पण हे मिनिट बिघडले तर ती कौशल्ये वापरण्याची वेळच येत नाही, कारण बातमीच तुमच्यापर्यंत पोहोचत नाही.

कडकपणाविषयी तुम्हाला आलेली शंका रास्त आहे. अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ डब्ल्यू. एडवर्ड्स डेमिंग यांच्या १९५० मधील जपानमधील व्याख्यानांनी तेथील गुणवत्तेच्या कामाला मोठी चालना दिली. ते आपल्या शिबिरांत एक प्रयोग करून दाखवत. एका पेटीत चार हजार मणी असत आणि त्यांतील आठशे लाल असत. पन्नास खळगे असलेली फळी पेटीत बुडवून मणी काढायचे. पांढरा मणी म्हणजे चांगला नग आणि लाल मणी म्हणजे दोषी नग. ज्याच्या फळीत लाल मणी कमी येत त्याची डेमिंग वाहवा करत, आणि ज्याच्या जास्त येत त्याला सर्वांसमोर झापत. पुढच्या खेपेला कालचा शाबासकीवाला नापास होई आणि झापलेला पुढे जाई. पेटीतच वीस टक्के लाल मणी असताना शाबासकीने किंवा झापण्याने काय फरक पडणार? तुमच्याकडे इन्सर्ट किती नगांनंतर बदलायचा हे ठरलेले आहे का, नवा इन्सर्ट ऑपरेटरच्या हाताशी असतो की स्टोअरमधून सही करून आणावा लागतो, आणि त्यात त्याची किती मिनिटे जातात, हे आधी स्वतः उभे राहून पाहावे. पुष्कळदा लाल मणी तेथेच सापडतात.

आता करण्याजोगी एक गोष्ट सांगतो. रिजेक्शनची लाल पेटी तुमच्याकडे बहुधा कोपऱ्यात, रॅकच्या मागे असेल. ती विभागाच्या मधोमध आणावी. पाळी सुरू झाल्यावर आणि जेवणाच्या सुट्टीपूर्वी त्या पेटीपाशी सेटर आणि संबंधित ऑपरेटर यांना घेऊन उभे राहावे. नग हातात घ्यावा, दोषाच्या जागी खडूने खूण करावी आणि त्यावर तेथेच बोलावे. टॅगवर मशिनचा क्रमांक, वेळ आणि दोष लिहावा, पण माणसाचे नाव लिहू नये. त्याबरोबर एक साधा नियम घालून द्यावा: सलग काही नगांचे माप एकाच दिशेने सरकू लागले तर, ते मर्यादेत असले तरी, हाक मारायची. हाक मारल्यामुळे मशिन जितका वेळ थांबेल तितका वेळ फलकावर वेगळ्या रकान्यात लिहायचा आणि ऑपरेटरच्या टार्गेटमधून वजा करायचा. मात्र ही वजावट उत्पादनप्रमुखांकडून आधी मंजूर करून घ्यावी. तुम्ही शब्द दिला आणि महिनाअखेरीस वरून तो फिरवला गेला, तर पुढे कोणी विश्वास ठेवणार नाही.

प्रतिसाद : वॉर्ड इन्चार्ज, नाशिक

मी कारखान्यातली नाही, रुग्णालयातली आहे. परंतु दुखणे तेच आहे. एमी एडमंडसन या अमेरिकन संशोधिकेने १९९०च्या दशकात रुग्णालयांतील औषधांच्या चुकांचा अभ्यास केला, तेव्हा ज्या विभागांचे नेतृत्व चांगले होते तेथे चुकांची नोंद कमी असण्याऐवजी जास्त दिसली. तेथील परिचारिका अधिक चुकत नव्हत्या. त्या झालेल्या चुका मोकळेपणाने सांगत होत्या. यातून तुमच्यासाठी एक सावधगिरी निघते. वरील सूचना अमलात आणल्यावर तुमच्या नोंदीतील दोषांचा आकडा सुरुवातीला वाढलेला दिसेल. हे वरिष्ठांना आधीच लेखी कळवून ठेवावे, अन्यथा सुधारणा सुरू झाली त्याच आठवड्यात तुम्हाला जाब विचारला जाईल.

एका बाबतीत मात्र मी वरील प्रतिसादात भर घालू इच्छिते. चूक होणे वेगळे आणि खोटी नोंद करणे वेगळे. रक्तदाब न मोजताच तक्त्यावर आकडा लिहिणाऱ्या परिचारिकेला मी समजावून सोडून देत नाही, कारण त्या आकड्यावर विसंबून डॉक्टर औषधाची मात्रा ठरवतात. तुमच्याकडेही गेज (माप तपासण्याचे साधन) न लावता तपासणी तक्ता भरला जात असेल, तर ते खपवून घेतले जाणार नाही हे पहिल्या दिवशीच स्पष्ट सांगावे. सांगितलेल्या चुकीला शिक्षा नाही आणि लपवलेल्या नोंदीला माफी नाही, हा फरक माणसांना चांगला समजतो. संदिग्धता असली म्हणजेच ती घाबरतात.

प्रतिसाद : रात्रपाळी

मी ऑपरेटर आहे, त्यामुळे दुसऱ्या बाजूने लिहितो. तुमच्या पाळीतील निम्मी माणसे कंत्राटी आहेत, हे तुम्ही जाता जाता लिहिले आहे. मला तीच मुख्य गोष्ट वाटते. कायम कामगाराला फार तर मेमो मिळतो. कंत्राटी मुलाच्या बाबतीत सुपरवायझरने ठेकेदाराला एक फोन केला की दुसऱ्या दिवशी फाटकावर त्याचा पास चालत नाही. असा मुलगा "माझ्या मशिनवर माप हललं" हे कशासाठी सांगेल? माप हलल्याचे सांगितले म्हणून कोणाचाही पास बंद होणार नाही, असे तुम्ही ठेकेदाराच्या माणसाला सर्वांसमोर बोलावून सांगायला हवे, आणि तशी वेळ आलीच तर त्या मुलाच्या बाजूने उभे राहायला हवे. तुम्ही एकदा उभे राहिलात की ती बातमी कंपनीच्या बसमध्ये त्याच दिवशी पोहोचते.

माणसे पाळीप्रमुखाला जोखतात ती ओव्हरटाइम आणि रजा यांवरून. जादा कामाला दुप्पट दराने पैसे मिळतात, त्यामुळे तो कोणाला मिळतो याकडे सगळ्यांचे डोळे असतात. मर्जीतल्या चारजणांनाच तो मिळत असेल, तर तुम्ही बैठकीत कितीही चांगले बोललात तरी ऐकणारे मनातल्या मनात त्या चौघांची नावे मोजत असतात. क्रमवारीची यादी फलकावर लावावी. आषाढीला, गणपतीत आणि दिवाळीत कोणाला रजा मिळणार हे महिनाभर आधी ठरवावे; गावी मराठवाड्यात, विदर्भात किंवा बिहारमध्ये जाणाऱ्याला आयत्या वेळी दिलेल्या होकाराचा उपयोग नसतो. आणखी एक गोष्ट म्हणजे, तपासणीच्या सूचना बहुतेक ठिकाणी फक्त इंग्रजीत लावलेल्या असतात. त्या मराठीत आणि हिंदीत लिहाव्यात, आणि हेल्परला त्याच्या नावाने हाक मारावी.

त्या ज्येष्ठ ऑपरेटरांविषयी माझा अंदाज असा आहे की, त्यांच्या "बघू"मध्ये तुमच्याविषयीच्या रागापेक्षा त्या बदलाविषयीचा आक्षेप अधिक असावा. बदल बैठकीत सांगण्यापूर्वी आदल्या दिवशी त्यांच्या मशिनपाशी जावे आणि "दादा, असं करायचं म्हणतोय, यात काय अडेल?" असे विचारावे. त्यांनी दाखवलेली अडचण खरी असेल तर बदल दुरुस्त करावा आणि बैठकीत त्यांच्या नावानिशी तसे सांगावे.

पुन्हा : चाकणचा पाळीप्रमुख

सर्वांचे मनापासून आभार. लाल पेटी आमच्याकडे खरोखरच कूलंटच्या पिंपांमागे आहे. कंत्राटी मुलांचा मुद्दा इतक्या स्पष्टपणे माझ्यासमोर कोणी मांडला नव्हता. दोन प्रश्न उरतात. थांबलेला वेळ टार्गेटमधून वजा करण्याचे उत्पादनप्रमुखांच्या गळी कसे उतरवावे? आणि सगळे करूनही ज्येष्ठांनी उघडपणे नकार दिला, तर पुढचे पाऊल कोणते असावे?

प्रतिसाद : गुणवत्ता विभाग (निवृत्त)

उत्पादनप्रमुखांकडे जाताना तत्त्व नेऊ नये, एक पानाचा हिशेब न्यावा. मागच्या महिन्यातील त्याच प्रसंगाचा हिशेब पुरेसा आहे. बाजूला काढलेले नग किती, ते तपासायला किती माणसे किती तास गुंतली, त्यांचा ओव्हरटाइम किती झाला, गाडी थांबल्याचे भाडे किती आणि त्यातून भंगारात गेलेले नग किती, हे एका बाजूला लिहावे. दुसऱ्या बाजूला इन्सर्ट बदलायला लागणारी मिनिटे आणि इन्सर्टची किंमत लिहावी. मागणीही लहान ठेवावी: सर्व विभागासाठी परवानगी न मागता त्या एकाच बोअरिंगच्या मशिनपुरती, महिनाभरासाठी मागावी. आकडे घेऊन आलेल्या पाळीप्रमुखाला एका मशिनसाठी नाही म्हणणारा उत्पादनप्रमुख मी क्वचितच पाहिला आहे.

ज्येष्ठांबाबत, रात्रपाळी यांनी सांगितलेला मार्ग आधी पूर्णपणे करून पाहावा. त्यांच्याकडे शिकाऊ मुलांना शिकवण्याचे काम सोपवता आले तर फार चांगले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत नवख्या कामगारांना झटपट तयार करण्यासाठी जो कार्यक्रम राबवला गेला आणि जो युद्धानंतर जपानमध्येही पोहोचला, त्यात शिकवण्याची चार पायऱ्यांची पद्धत होती: शिकणाऱ्याची तयारी करून घेणे, काम करून दाखवत समजावणे, त्याच्याकडून करवून घेणे, आणि नंतर त्याच्यावर लक्ष ठेवणे. आपल्याकडे दुसऱ्या पायरीवरच शिकवणे संपते. ज्येष्ठांना या चारही पायऱ्यांसाठी मशिनवरून मोकळा वेळ द्यावा लागेल. तो न देता जबाबदारी तेवढी दिली, तर त्यांना ते ओझेच वाटेल.

तरीही नकार आला तर त्यांच्याशी एकांतात बोलावे. अमुक दिवशी अमुक सूचना पाळली गेली नाही आणि त्याचा अमुक परिणाम झाला, इतकेच सांगावे. स्वभावाविषयी किंवा जुन्या मैत्रीविषयी काही बोलू नये. त्यांचे म्हणणे शेवटपर्यंत ऐकून घ्यावे आणि काय ठरले ते दोघांनी डायरीत लिहावे. प्रश्न सुरक्षिततेचा किंवा मापाच्या खोट्या नोंदीचा असेल, तर तेथे वाट पाहू नये. मनुष्यबळ विभागाला कळवून कारखान्याच्या नियमांप्रमाणे लेखी कार्यवाही करावी. बाकीच्या बाबतींत, उदाहरणार्थ नग कोणत्या क्रमाने मांडायचे किंवा मशिन आधी पुसायचे की नंतर, त्यांची पद्धत सुरक्षित असेल आणि माल चांगला निघत असेल, तर ती तशीच राहू द्यावी.