शब्दचर्चा : लिअरीच्या एलएसडीला 'अमली पदार्थ' म्हणावं का?

प्रश्न : टिमथी लिअरीवरच्या एका लेखाचा अनुवाद करते आहे. हा हार्वर्डचा मानसशास्त्रज्ञ. १९६० पासून सिलोसायबिनवर (काही अळंब्यांत सापडणारं द्रव्य) आणि पुढे एलएसडी या रासायनिक द्रव्यावर प्रयोग केले, या द्रव्यांनी मन खुलं होतं असं जाहीरपणे सांगत राहिला. १९६३ साली विद्यापीठाने त्याला काढलं. मी सगळीकडे 'अमली पदार्थ' लिहिलं. मग वाचून पाहिलं, तर लिअरी गर्दुल्ल्यांची वकिली करतोय असं वाटायला लागलं. दुसरा शब्द सुचवाल का?

उत्तर : ताई, शंका रास्त आहे. 'अंमल' शब्द अरबीतला, मुळात साधा. पेशव्यांचा अंमल, अंमलदार, अंमलबजावणी. द्रव्याचा अंमल म्हणजे देहामनावर त्याची चाललेली सत्ता. पण 'अमली' म्हटलं की आज पोलिसांचा छापाच डोळ्यांपुढे येतो. लिअरी बाजू मांडायला उभा राहण्याआधीच वाचक निकाल देऊन मोकळा होतो.

अशा पदार्थांवरच्या आपल्या १९८५ च्या कायद्याचं मराठी नाव बघा : 'गुंगीकारक औषधिद्रव्ये' वेगळी आणि 'मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ' वेगळे. एलएसडी दुसऱ्या गटात येतं. शब्द लांबलचक आहे, पण नेमका. रोजच्या वापराला 'मनःप्रभावी द्रव्य' पुरेल.

'भूल' मात्र इथे नको. आईच्या ऑपरेशननंतर आम्ही खोलीबाहेर बसलो होतो, जो तो विचारत होता, "भूल उतरली का?" त्या भुलेत आईला काहीच कळत नव्हतं. एलएसडी घेतलेल्याला उलट फार काही दिसतं, जाणवतं. तिथे गुंगी नाही.

प्रश्न : आणि 'सायकेडेलिक'?

उत्तर : तो तसाच ठेवा. हम्फ्री ऑस्मंड या मनोविकारतज्ज्ञाने १९५६ साली लेखक ऑल्डस हक्सलीला लिहिलेल्या पत्रात तो घडवला. ग्रीक मुळातून अर्थ निघतो, मनाला प्रकट करणारं. हा शब्दही तटस्थ नाही, तो कौतुकाकडे झुकतो. 'भ्रमकारक' लिहिलंत तर काटा दुसऱ्या टोकाला जाईल.

लिअरीचं सगळं म्हणणं मला पटत नाही. तरुणांना त्याने फार सहजपणे या वाटेला लावलं, असंच मला वाटतं. पण अनुवादात त्याला त्याच्याच तोंडाने बोलू द्यायला हवं.

प्रश्न : 'सेट अँड सेटिंग'ला काय लिहू? अनुभव निव्वळ द्रव्यावर ठरत नाही, घेणाऱ्याचं मन आणि भोवताल यांवर ठरतो, असं तो म्हणतो.

उत्तर : 'मनःस्थिती आणि परिस्थिती'. मराठीत ही जोडी आयतीच आहे, यमकासकट!

प्रश्न : वा! शेवटचं एक. 'टर्न ऑन, ट्यून इन, ड्रॉप आउट' या त्याच्या घोषणेतल्या 'ड्रॉप आउट'ला मी 'शिक्षण सोडा' लिहिलंय.

उत्तर : ते बदला. १९६७ च्या जानेवारीत सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पार्कमधल्या मेळाव्यात त्याने ही घोषणा दिली. आपल्या बोलण्याचा लोकांनी 'नशा करा आणि कामधंदा सोडा' असा अर्थ लावला, ही तक्रार त्याने पुढे स्वतःच केली. त्याचा रोख होता स्वावलंबनावर, नकळत जडलेली बांधिलकी सोडण्यावर. 'पाश तोडा' चालेल. 'संसार सोडा' नको, त्याने वेगळाच संन्यासी उभा राहील.