शब्दचर्चा: एका माउंटवर दोन दुर्बिणी, ह्याला म्हणायचं काय?

कोल्हापुरात घराच्या गच्चीवर सरकत्या छपराची छोटी वेधशाळा आहे. पावसाळाभर आकाश मिटलेलं असतं, म्हणून हिवाळ्यातल्या रात्री वाया घालवायच्या नाहीत. एकाच माउंटवर, म्हणजे ताऱ्यांमागे फिरणाऱ्या बैठकीवर, दोन दुर्बिणी: एका दुर्बिणीला हायड्रोजन-अल्फाचा (हायड्रोजनच्या लाल प्रकाशाचा) 656.3 नॅनोमीटरचा फिल्टर, दुसरीला रंगीत कॅमेरा, आणि मृगातला तेजोमेघ दोघींतून एकाच वेळी टिपायचा. शाळेतल्या मुलांसाठी माहितीपत्रक लिहितोय. 'जोडदुर्बीण' चालेल का?

— नको. वाचणाऱ्याच्या डोळ्यासमोर द्विनेत्री येईल. 'जुळ्या दुर्बिणी' दोन्ही सारख्या असतील तरच शोभेल, तुमच्या तशा दिसत नाहीत. शिवाय रचना दोन आहेत, त्यांना एकच शब्द पुरणार नाही. मोठ्या नळीवर रिंगांमध्ये लहान दुर्बीण बसवली तर ती सरळ 'पाठुंगळीला' बसवली म्हणा, मुलांना लगेच कळेल. त्यात भार अक्षापासून लांब जातो, म्हणून प्रतिभार, म्हणजे तोलासाठीचं पलीकडचं वजन, वाढवावा लागतो. आडव्या प्लेटवर दोन्ही ठेवल्या तर 'शेजारजोड'. इथे प्रतिभार कमी लागतो, पण क्रांती-अक्षावर (दुर्बीण उत्तर-दक्षिण फिरवणाऱ्या अक्षावर) तोल साधायला प्लेट डावी-उजवीही सरकवावी लागते. दोघींचा रोख एकाच ताऱ्यावर आणण्याला 'नेम जुळवणे' हा आपला चांगला शब्द आहे, तोच वापरा.

'फ्लेक्शर'ला, म्हणजे वजनाने भाग किंचित वाकण्याला, मात्र 'लवचिकता' लिहू नका, तो गुण वाटतो. 'लचक' म्हणा. गाइड दुर्बिणीत (माउंटला ताऱ्यावर धरून ठेवणाऱ्या लहान दुर्बिणीत) तारा खिळल्यासारखा स्थिर आणि मोठीच्या फोटोत सगळे तारे लांबट, हे लचकेचं काम. दोन रिंगांमध्ये 200 मिमी अंतर असेल, तर 2 मायक्रॉन वाकलं तरी नेम सुमारे 2 विकलांनी (विकला म्हणजे अंशाचा 3600वा भाग) हलतो. 400 मिमी नाभीय अंतर आणि 3.76 मायक्रॉनचा पिक्सेल धरला, तर तेवढ्यात तारा एक पिक्सेल सरकला!

— भावा, उद्यमनगरात मिलिंगचं काम करतो म्हणून सांगतो. 'लचक' आणि 'प्ले' एक करू नका. प्ले म्हणजे सांध्यातला ढिलेपणा, बोल्ट आवळला की जातो. लचक आवळून जात नाही, तिला जाडीच पाहिजे. 10 मिमीची प्लेट 20 ची केली की ताठपणा आठपट होतो. आणि 'डव्हटेल'ला, म्हणजे दुर्बीण माउंटवर सरकवून बसवायच्या पट्टीला, डव्हटेलच राहू द्या. मराठी शब्द घेऊन दुकानात गेलात तर कुणीही पट्टी कापून देणार नाही.

— दोघांचे मनापासून आभार. 'पाठुंगळी', 'शेजारजोड', 'नेम' आणि 'लचक' घेतले. आता एकच अडलंय: 'डिथरिंग'. दोन फोटोंच्या मध्ये माउंट मुद्दाम काही पिक्सेल हलवायचं, म्हणजे सेन्सरचे डाग एकाच जागी साठत नाहीत. शेजारजोडीत हे फार सांभाळावं लागतं. एका कॅमेऱ्याचा फोटो संपला म्हणून माउंट हलवलं, तर दुसऱ्याचा चालू फोटो बिघडतो, म्हणून दोघांनी एकमेकांसाठी थांबायचं. ह्याला 'चाळवणे' कसं वाटतं?