थंडी लवकर आली: आजोबांचा कोट, आईचा स्वेटर आणि ढिगातलं जाकीट कसं घालू?

जुळेसोलापूरची_मधली

यंदा आकाशकंदील उतरायच्या आतच पहाटे हुडहुडी भरायला लागली. मी जुळे सोलापुरातून सात रस्त्याकडे सकाळी सव्वासहाला स्कूटीवरून निघते. विजापूर रोडला लागलं की वारं थेट छातीवर येतं. अकरा वाजले की तेच ऊन चटके देतं, मग अंगावरचा जाड स्वेटर नकोसा होतो.

नवं काही घ्यायचं नाही असं ठरवलंय. घरात इतकं चांगलं पडून असताना पेटीतलं पेटीतच का ठेवायचं? आजोबांचा करड्या रंगाचा कोट आहे, डांबरगोळ्यांचा वास मारतोय. आईनं लग्नाआधी विणलेला मोरपंखी स्वेटर आहे, कोपराला विरलाय. आजीची दोन इरकल आहेत. आणि बाजारात जुन्या कपड्यांच्या ढिगातून मी तपकिरी कॉर्डरॉयचं पुरुषी जाकीट घेतलंय, दीडशे रुपयांना. कापड इतकं छान आहे की हातातून सोडवेना.

पण सगळं एकत्र घातलं की स्नेहसंमेलनाला निघाल्यासारखं दिसतं. रोज कॉलेजात शिकवायला जाते, नीटनेटकं दिसायला हवं. कुर्ती, जीन्स आणि शनिवारी साडी असा माझा वेश असतो. काय कशावर घालू?

हुरडापार्टी

एका वेळी एकच जुनी गोष्ट. कोट घातला तर बाकी सगळं साधं आणि आजच्या मापाचं. वासासाठी कोट सावलीत, वाऱ्यावर उलटा करून टांगा. कडक उन्हात नको, लोकरीचा रंग उडतो.

सुईदोरा_पूर्वभाग

अगं, वरचं उत्तर बरोबर आहे. मी पूर्व भागात ब्लाऊज आणि ऑल्टरचं काम करते, म्हणून जरा सविस्तर सांगते.

जुन्या कपड्यात आधी खांदा बघायचा. लांबी, बाही, कंबर, बगल हे सगळं मला कमी-जास्त करता येतं. खांदा उतरवायचा म्हणजे बाही काढा, कॉलर उसवा, आतलं कॅनव्हास, म्हणजे कोटाला आकार देणारं जाड कापड, कापा, आणि एवढं करूनही कोट पूर्वीसारखा बसत नाही. तुझ्या खांद्याच्या हाडावर शिवण येतेय का, ते आरशासमोर बघ. दोन बोटं बाहेर जात असेल तर चालेल, आतले पॅड काढले की कोट मऊ पडतो आणि मुद्दाम सैल घेतल्यासारखा दिसतो. चार बोटं जात असेल तर तो कोट घरात शालीसारखा पांघर, कॉलेजला नको.

मग कोट उलटा कर आणि पाठीच्या मधल्या शिवणीजवळ अस्तर थोडं उसवून बघ. जुने शिंपी आत भरपूर माया, म्हणजे शिवणीत जादा कापड ठेवायचे, पोटाला सैल करायला. तुला उलट आत घ्यायचंय, ते त्याहून सोपं. बाही कापू नकोस. आत दुमडून हातशिलाईनं टाच, म्हणजे उद्या तुझा भाऊही घालू शकेल. कोट घरी धुवायचा नाही हं. आतलं कॅनव्हास आक्रसलं की पुढचा भाग फुगतो आणि कुठल्याही इस्त्रीनं तो बसत नाही. ड्रायक्लीनलाच दे.

आता थंडीचं. आपल्याकडचा गारठा पहाटेचा, दुपारी पुन्हा ऊन. म्हणून एक जाड कपडा घेण्यापेक्षा दोन-तीन पातळ थर बरे. थरांमध्ये अडकलेली हवा ऊब धरते, आणि ऊन वाढेल तसा एकेक थर उतरवता येतो. स्कूटीवर नुसता विणलेला स्वेटर कामाचा नाही, वारं टाक्याटाक्यातून आत शिरतं. आत सुती कुर्ती, मधे आईचा स्वेटर, वर कॉर्डरॉयचं जाकीट असं घाल. कॉर्डरॉय दाट विणीचं असतं, वारं अडवतं. गाडी लावलीस की जाकीट काढायचं आणि नऊनंतर स्वेटर डिकीत.

तपकिरीवर मोरपंखी उठून दिसेल. त्या दिवशी जीन्स आणि कुर्ती एकरंगीच ठेव. जाकीट धुताना उलटं कर, इस्त्रीही उलट्या बाजूनंच, नाहीतर रेघांवरची लव चपटी होऊन कापड चकाकायला लागतं.

जुळेसोलापूरची_मधली

ताई, आत्ताच बघितलं, खांदा दोनच बोटं बाहेर जातोय! स्वेटर लोकरीचाच आहे की नाही ते कसं कळेल? आणि कोपराचं काय करू?

सुईदोरा_पूर्वभाग

आतल्या शिवणीतून बोटभर धागा ओढ आणि चिमट्यात धरून जाळ. पाण्याची वाटी जवळ ठेव. केस जळल्यासारखा वास आला आणि राख बोटात चुरली तर लोकर. वितळून टणक गोळी झाली तर ॲक्रिलिक. लोकर असेल तर गार पाण्यात रिठ्यानं धुवायचा, पिळायचा नाही, टॉवेलवर सपाट पसरून वाळवायचा. गरम पाण्यात चोळलीस तर आटून लहान मुलाच्या मापाचा होईल.

कोपराचं लगेच कर, एक टाका सुटला की खालचेही सुटत जातात. आधी सुटलेले टाके क्रोशाच्या सुईनं उचलून बांध, मग वर लंबगोल ठिगळ. खणाच्या कापडाचं लाव, दोन्ही कोपरांना सारखं. ठिगळ लपवायचं नाही, आईच्या स्वेटरला ते शोभेल.

आजीच्या इरकलीला मात्र कात्री लावू नकोस. जाकिटासाठी लोक पदर कापायला आणतात, मी परत पाठवते. शनिवारी इरकल नेस, वर आजोबांचा कोट, बटणं उघडी, पदर कोटाच्या आतून घेऊन कमरेला खोच. पेटीत ठेवताना दर वेळी घडी बदल, एकाच रेषेवर पदर विरतो.

चादरवाल्याचा_नातू

घरात जुनी सोलापुरी चादर असेल तर तिची बिनबाह्यांची बंडी शिवून घ्या. जाड सूत असतं, टोचत नाही, आणि जॅकार्डची नक्षी मागच्या बाजूला उलट्या रंगांत उमटते, म्हणून अस्तर न लावता दोन्हीकडून घालता येते. कापली की कडा सुटतात, आधी ओव्हरलॉक आणि मग पायपिंग करून घ्या. आमच्याकडे फाटलेल्या चादरीचा मधला चांगला भाग वापरतात, चांगली चादर कुणी कापत नाही.

हुरडापार्टी

माझ्याकडे पांढरी बाराबंदी आहे. ती कोटाच्या आत कशी दिसेल?

सुईदोरा_पूर्वभाग

ती राहू द्या दादा. जानेवारीत सिद्धेश्वर महाराजांच्या यात्रेत, नंदीध्वजाच्या मिरवणुकीला घालायची ती. आत पातळ सुती बनियन घाला, ऊब तेवढीच मिळते.

आणि मधली, ढिगातल्या जाकिटाला इतर कपड्यांत मिसळायच्या आधी कडक गरम पाण्यानं एकटंच धू. आजोबांच्या कोटाचं उलट आहे. लोकरीला कसर लागते, म्हणून तो ड्रायक्लीनहून आला की प्लास्टिकची पिशवी काढून टाक, सुती चादरीत गुंडाळ आणि कडुनिंबाचा पाला कडकडीत वाळवून सोबत ठेव. द्यायच्या आधी आतल्या खिशाजवळ बघ, जुने शिंपी तिथे एक जादा बटण टाचून ठेवायचे. सापडलं तर काढून डबीत ठेव, तसलं आता बाजारात मिळत नाही.