इंदूरच्या हवेत ट्यूलिपचे कंद केव्हा लावावेत?

प्रश्न (इंदूर)
नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात ट्यूलिपचे कंद मागवले आहेत. ते शीतप्रक्रिया केलेले (म्हणजे विक्रीपूर्वीच काही आठवडे थंडीत ठेवलेले) आहेत की नाहीत, हे विक्रेत्याने कळवलेले नाही. आमच्या अंगणातील माती माळव्याची काळी, पाणी धरून ठेवणारी आहे. कंद लगेच लावावेत की थंडी वाढेपर्यंत थांबावे, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर (इंदूर)
विक्रेत्याला आजच विचारावे, कारण पुढचे सगळे त्यावरच अवलंबून आहे. ट्यूलिप मूळचे मध्य आशियातील डोंगराळ भागातले. साधारण १२ ते १६ आठवडे ९ अंशांखालची थंडी मिळाल्याशिवाय त्याचा दांडा नीट लांबत नाही आणि कळी पानांतच अडकते. आपल्याकडच्या जानेवारीतल्या रात्री कितीही गार वाटल्या, तरी दुपारचे ऊन ती थंडी टिकू देत नाही. कंद शीतप्रक्रिया केलेले असतील, तर डिसेंबरच्या मध्यापर्यंत फ्रीजमध्ये ठेवून मग लावावेत. नसतील, तर कागदी पिशवीत घालून जानेवारीअखेरपर्यंत फ्रीजमध्येच राहू द्यावेत. फ्रीझर मात्र टाळावा. शेजारी सफरचंद किंवा पेरू मुळीच ठेवू नयेत, कारण पिकणाऱ्या फळांतून निघणाऱ्या इथिलीन वायूने आतली कळी मरते आणि बाहेरून कंद टणकच दिसत असल्याने ते लक्षातही येत नाही.

उत्तर (ग्वाल्हेर)
थंडीविषयीच्या सूचना योग्य आहेत, परंतु काळ्या मातीत कंद सडतात, म्हणून कुंडीच घ्यावी, असे माझे ठाम मत आहे. हलकी माती व जाड वाळू सारख्या प्रमाणात घेऊन त्यात थोडे पूर्ण कुजलेले शेणखत मिसळावे. कंद त्याच्या उंचीच्या तिप्पट खोल, टोक वर ठेवून लावावा. हातात घेऊन पाहिल्यास त्याची एक बाजू चपटी आढळेल; ती कुंडीच्या काठाकडे करावी, म्हणजे पहिले रुंद पान बाहेर झुकते आणि मधली जागा फुलांना मोकळी राहते.

प्रश्नकर्ती
आपणा दोघांचे आभार. शीतप्रक्रिया झालेली नाही, असे विक्रेत्याने कळवले आहे. कंद आजच फ्रीजमध्ये ठेवते. हेच कंद पुढच्या वर्षी पुन्हा फुलतील का?

उत्तर (इंदूर)
तशी अपेक्षा ठेवू नये. फूल गळल्यावर पाने हिरवी असेपर्यंतच नवे कंद पोसले जातात आणि आपल्याकडे मार्चचे ऊन ती लवकर वाळवते. दिल्लीतही नवी दिल्ली नगरपालिका परिषद ट्यूलिपसाठी नेदरलँड्समधून दरवर्षी नवे कंद मागवते. आपली लागवड उशिराची असल्याने कुंडी सकाळचे ऊन व दुपारची सावली मिळेल अशा जागी ठेवावी आणि पुढच्या खेपेस शीतप्रक्रिया केलेलेच कंद मागवावेत.